पंचवीस मार्कांची विहीर

१९७७ साली मी कॉलेजला गेलो, तेव्हा आबांनी दावणीचा एक खोंड विकला. बहात्तरच्या दुष्काळातून कशीबशी वाचवलेल्या गाईचा तो खोंड. त्या दुष्काळात आबा आणि आई दोघंही खडी फोडायला जात होते, आणि आम्ही पोरं लाल मिलोच्या भाकरी खात होतो. त्यामुळं खोंड विकणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमचा माण तालुका म्हणजे पावसाच्या सावलीतला मुलूख. इथं माणूस आभाळाकडं बघून बोलतो आणि पैसा मोजून देतो.

पहिल्या सुट्टीत घरी आलो. आबा बांधावर हरळी खणत होते. मी ऐटीत म्हणालो, "आबा, हिचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन."

आबांनी कुदळ थांबवली. "नाव कळलं. ती मरती कशानं?"

मला सांगता आलं नाही. पुस्तकात तिची मुळं होती, पानं होती, फुलोरा होता. आबांच्या बांधावरची हरळी पुस्तकात नव्हती.

आमच्या वेळी बी.एस्सी. म्हणजे इंग्रजीचा पेपर सोडला तर सगळं विज्ञान. शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायचे, पलीकडं हिशेब शिकवायचे. पण त्या दारात आम्ही कधी उभं राहिलो नाही. आर्ट्सच्या पोरांना आम्ही हसायचो, कॉमर्सची पोरं आम्हाला हसायची. तीन वर्षं एकाच छपराखाली राहून आम्ही तीन गावची माणसं होतो. पुढं कोल्हापूरला एम.एस्सी. केली आणि एका तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झालो. आबांनी गावात पेढे वाटले. त्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला आणि मीही तो विसरून गेलो.

विसरलेला प्रश्न पंचवीस वर्षांनी परत दारात आला, तो पर्यावरणाच्या पेपरच्या रूपानं.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं होतं की पर्यावरणाचं शिक्षण सगळ्यांना द्या. पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी एक सक्तीचा अभ्यासक्रम केला. पन्नास तास, आठ घटक. लेखी परीक्षा पंचाहत्तर मार्कांची, आणि प्रत्यक्ष बाहेर जाऊन करायचं काम पंचवीस मार्कांचं. आमच्याकडं तो दुसऱ्या वर्षाला आला. इतिहासवाला, अकाउंटवाला, रसायनवाला, सगळ्यांना एकच पेपर.

त्यामागचा विचार काही नवा नव्हता. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ साली, राधाकृष्णन आयोगानं सांगून ठेवलं होतं की विद्यार्थ्याला त्याच्या खास विषयाबरोबर सामान्य शिक्षणही मिळायला पाहिजे. नुसता विषयातला तज्ज्ञ करू नका, चार लोकांत राहून शहाणपणानं निर्णय घेणारा माणूस करा, असा त्याचा अर्थ. आमच्या सातारा जिल्ह्यात तर कर्मवीर अण्णांनी १९४७ सालीच कॉलेज काढून पोरांना कमवा आणि शिका म्हणून सांगितलं. शेतात राबायचं आणि वर्गात बसायचं, दोन्ही एकाच पोरानं. शिक्षण म्हणजे जगण्यापासून बाजूला काढलेली गोष्ट नव्हे, हे या मातीला ठाऊक होतं.

पण 'सामान्य' हा शब्दच दगाबाज आहे. त्याचा एक अर्थ सगळ्यांचं, सामायिक. दुसरा अर्थ बिनमहत्त्वाचं. आम्ही स्टाफरूममध्ये दुसरा धरला.

पेपर कुणी शिकवायचा? ज्याचा कार्यभार कमी भरतो त्यानं. कुणाचे आठवड्याचे दोन तास कमी पडतात, त्याला दे पर्यावरण. एक वर्ष तो पेपर संस्कृतच्या बाईंकडं होता, एक वर्ष व्यायामशिक्षकाकडं. मग 'झाडांचे सर' म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मोठ्या हॉलमध्ये दोनशे पोरं, हातात माईक, वर घरघरणारा पंखा. मी गाईड वाचून दाखवायचो, पोरं अधोरेखित करायची. बाहेर जाऊन करायच्या कामाचं तर विचारूच नका. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचा. तीस रुपये, स्पायरल बायंडिंगसह. नाव आणि रोल नंबर तेवढा आपला घालायचा. मी वरचं पान बघून वीस, एकवीस, बावीस असे मार्क टाकत जायचो. पोरं खूश, मी खूश, निकाल शंभर टक्के.

२०१२ चा शिमगा. पावसानं आदल्या साली डोळे वटारलेले होते. मी सुट्टीला गावी आलो तो फायलींचा गठ्ठा घेऊनच. ओसरीवर बसून मार्क टाकत होतो. आबा जवळ येऊन बसले. वय ऐंशीच्या घरात, शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर लावून वाचायचे.

"ह्यो कसला गठ्ठा?"

"पोरांनी पर्यावरणाचा अभ्यास केलाय."

त्यांनी एक फाईल उचलली. बोटानं ओळ धरून बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "ही गंगा कुठली रं?"

"उत्तरेतली. तिचं पाणी घाण झालंय, त्यावर लिहिलंय."

"पोरगी कुठली?"

मी नाव-पत्ता बघितला. "म्हसवडकडची."

"मग माणगंगेचं काय न्हाय लिव्हलं?"

माणगंगा म्हसवडवरूनच जाते. त्या पोरीच्या घरापासून नदीचं पात्र फार तर हाकेच्या अंतरावर असेल. वर्षातले कितीतरी महिने ते कोरडं असतं, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. आणि तिनं शेकडो कोसांवरच्या गंगेच्या प्रदूषणावर चौदा पानं दिली होती. मी त्याला एकवीस मार्क दिले होते. आबांनी फाईल ठेवली आणि उठून गोठ्याकडं गेले. त्यांना काही टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मी तिघांना चहाला बोलावलं. भूगोलाचे एक, राज्यशास्त्राचे एक, आणि कॉमर्सच्या एक मॅडम. म्हणालो, पंचाहत्तर मार्क विद्यापीठाचे आहेत, पण हे पंचवीस आपले आहेत. यावर्षी तयार फाईल घ्यायची नाही. प्रत्येक पोरानं आपल्या गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचं लिहायचं. चार प्रश्न. विहिरीत पाणी किती हात आहे, ते दर महिन्याला मोजायचं. हे भूगोलाच्या सरांनी शिकवायचं. आसपास अजून कोण पाणी उपसतंय आणि कायदा काय म्हणतो, ते राज्यशास्त्राच्या सरांनी. पाणीपट्टी किती गोळा होते आणि खर्च कशावर होतो, हे ग्रामपंचायतीच्या जमाखर्चातून काढायचं, ते मॅडमनी. आणि पूर्वी काय होतं हे म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. झाडं, गवत, ओढ्याची काठं माझ्याकडं. प्रत्येक पोराला चौघांच्याही दारात जावं लागेल, अशी रचना केली.

मॅडम म्हणाल्या, "पण सर, या चार प्रश्नांची उत्तरं आपल्याला तरी कुठं माहीत आहेत?"

"म्हणूनच विचारायचे," मी म्हणालो. बोलताना मला वाटलं, मी काहीतरी छान बोललो. त्याची किंमत पुढं कळायची होती.

पोरांनी आधी कुरकुर केली. झेरॉक्सवाला तर माझ्यावर चिडलाच. निम्म्यांनी आकडे घरी बसून लिहिले, ते लगेच ओळखू यायचे. आठवड्याला पाणी वाढतंय असं लिहिणारे बहाद्दरही निघाले, त्या दुष्काळात! पण निम्म्यांनी खरंच दोरीला गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि विहिरीत सोडला. वर्गात पहिल्यांदा भांडणं व्हायला लागली. "सर, आमच्या ग्रामसेवकानं वही दाखवायला नाही म्हटलं, आता काय करायचं?" असं विचारत पोरं स्टाफरूमच्या दारात उभी राहायला लागली. गाईडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

आता इथं मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

सहाव्या वेतन आयोगाचा फरक हातात आला तेव्हा धाकट्या भावाच्या मनात डाळिंब होतं. आमच्या जुन्या विहिरीवर डाळिंब निघणार नव्हतं. २०११ च्या उन्हाळ्यात आम्ही बोअर घेतला. पैसे माझे, जागा भावानं ठरवलेली. साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं, गाडीवाल्यानं नारळ फोडला, भावानं दोनशे वीस झाडं लावली. त्याच महिन्यात मी गाईडवरून भूजलाचा अतिउपसा हा मुद्दा शिकवला होता. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत साठतं, खोल बोअरनं ते ओढून घेतलं की शेजारची उथळ विहीर आटू शकते, हे मीच फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. फळ्यावरचा बोअर आणि माझा बोअर एकच, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात खोल्या असतात आणि मधली दारं बंद असतात, ती अशी.

२०१३ चा फेब्रुवारी. गावाला टँकर सुरू झालेला. जनावरं छावणीत. आमच्याच गावच्या वस्तीवरची एक मुलगी, बी.ए. दुसऱ्या वर्षाची, इतिहासवाली, आपली वही घेऊन आली. वही नीट आखलेली. नळयोजनेच्या विहिरीची आठ महिन्यांची मापं. गवंडीकाम करणाऱ्या भावाचा टेप घेऊन तिनं विहिरीभोवतीची अंतरंही मोजली होती. राज्यशास्त्राच्या सरांनी तिला १९९३ च्या भूजल कायद्याची माहिती दिली होती. पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत असेल, तर त्याच्या पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. बोअरसुद्धा विहिरीतच आला. तिनं त्या हद्दीतले सात बोअर शोधले होते. समोर मालकाचं नाव, अंतर, खोली, साल.

पाचव्या ओळीत अंतर होतं तीनशे दहा मीटर. खोली साडेतीनशे फूट. साल २०११. मालकाच्या नावाची जागा मोकळी.

मी सहज विचारलं, "इथं नाव का नाही?"

ती खाली बघत राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "सर, ते तुमचं हाय."

स्टाफरूममध्ये पंखा फिरत होता. समोर कुणीतरी पेपर वाचत होतं. मला कायदा माहीत नव्हता, परवानगी घ्यायची असते हे माहीत नव्हतं, गाडीवाल्यानं विचारलं नव्हतं, गावात कुणी बोललं नव्हतं. ही सगळी कारणं मनात रांगेनं उभी राहिली. पण समोर एकोणीस वर्षांची पोरगी मार्कांच्या भीतीनं उभी होती, आणि त्या भीतीचं कारण मी होतो. मी खिशातलं पेन काढलं आणि मोकळ्या जागेत माझं नाव लिहिलं.

तिला पंचवीसपैकी चोवीस दिले. म्हणालो, "एक मार्क कापलाय तो मोकळ्या जागेबद्दल. माणूस कुणी का असेना, नाव लिहायचं." आज वाटतं, तो मार्क तिचा नव्हे, माझा कापायला पाहिजे होता.

घरी जाऊन भावाला म्हणालो, पाऊस पडेपर्यंत मोटार बंद ठेवू. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"दादा, बाकीच्या सहा जणांनी बंद केली का?"

"नाही."

"मग आपली बंद करून गावची विहीर भरणार हाय का?"

"नाही भरणार."

"मग कशापायी?"

माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. आबा खाटेवरून म्हणाले, "त्येच्या पगाराचा बोअर हाय. त्यो म्हणतोय तर ठेव बंद." हा काही न्याय नव्हता. पगार माझा असला तरी झाडांना आळी करणारे हात भावाचे होते. मोटार बंद झाली. भावानं पाणी विकत आणून ऐंशी झाडं जगवली. बाकीची जळाली. दिवाळीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

एक मे च्या ग्रामसभेत त्या मुलीची वही सरपंचांनी वाचायला लावली. ती उभी राहिली, आवाज कापत होता, पण सातही नावं वाचली. माझं नाव आलं तेव्हा चारदोन माणसं वळून बघायला लागली. गोंधळ झाला. "पोरगी शिकली आन् गावाची उणीदुणी काढाय लागली," असं एक जण म्हणाला. अजून दोघांनी मोटारी बंद केल्या, चौघांनी नाही केल्या. विहिरीचं पाणी काही वर आलं नाही. ते आलं जूनच्या पावसानं. पण त्यानंतर आमच्या गावात बोअरची गाडी आली की कुणीतरी विचारतंच, "विहिरीपासनं किती लांब?" एवढाच बदल झाला. मी त्याला लहान म्हणत नाही आणि मोठाही म्हणत नाही.

ही रचना तीन वर्षं चालली. मग भूगोलाचे सर बदलून गेले. मॅडमना प्रशासनाचं काम लागलं. परीक्षा पर्यायी प्रश्नांची झाली, गोल काळा करा, संपलं. पेपर परत ज्याचा कार्यभार कमी त्याच्याकडं गेला. झेरॉक्सवाल्याकडं फायली परत आल्या. दोष कुणा एकाचा नव्हता. सामान्य शिक्षणाचं गावच्या गायरानासारखं असतं. चरायला सगळ्यांची जनावरं, पण कुंपण घालायला, गवत पेरायला कुणी नाही. म्हणता म्हणता अतिक्रमण होतं. गणिताला गणिताचा विभाग असतो, त्यासाठी भांडणारा प्रमुख असतो. सगळ्यांच्या विषयाला मालक नसतो, म्हणून तो कागदावर राहतो. तो जगवायचा तर दोनच गोष्टी लागतात असं मला वाटतं. एक, वेगवेगळ्या विषयांच्या मास्तरांनी एकत्र बसायचा वेळ, आणि तो कार्यभारात मोजलेला. दुसरी, पोरांच्या दारातला असा प्रश्न, की ज्याचं उत्तर मास्तरालाही माहीत नाही. आणि ते उत्तर मास्तराच्या अंगावर आलं तर घ्यायची तयारी.

२०१९ साली मी निवृत्त झालो. आबा त्याआधीच गेले.

परवा, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात, भावाची नात बी.एस्सी.ला गेली. नव्या धोरणाचं पहिलं वर्ष. कागद घेऊन माझ्याकडं आली. मेजर, मायनर, ओई, व्हीईसी, आयकेएस. अक्षरांची नुसती जत्रा.

"थोरले आजोबा, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायचाय. कुठला घेऊ?"

भाऊ शेजारी बसला होता. म्हणाला, "दादा, तुमच्या वेळी असला एकच पेपर व्हता. त्यानं माझी दीडशे झाडं खाल्ली. आता हिला किती हायती?"

आम्ही दोघंही हसलो. अकरा वर्षांनी त्या गोष्टीवर हसलो.

मी तिला म्हणालो, "विषयाचं नाव बघू नकोस. जो मास्तर तुला वर्गाबाहेर पाठवील आणि आल्यावर काय दिसलं म्हणून विचारील, त्याचा घे."

ती म्हणाली, "सर म्हणाले, टाइमटेबलमध्ये एकच बसतंय. हिशेबाचं."

"मग तेच घे. पण मास्तरांना विचार, ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचायला शिकवता का म्हणून."

"आणि नाही म्हणाले तर?"

मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, "तर घरी ये. पाणीपट्टीच्या सगळ्या पावत्या माझ्यापाशी हायती. आन् विहीर मोजायची झाली, तर त्या पोरीनं गाठी मारल्याली दोरी पंचायतीत हाय. मी आणून देतो."